शिफ बेसचं निकेल कॉम्प्लेक्स: रिअॅक्शनपासून स्फटिकरचनेपर्यंत

समन्वय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिलं काम बहुधा हेच मिळतं: शिफ बेस लिगंड (धातूला धरणारा रेणू) बनवा, निकेलशी जोडा, स्फटिक वाढवा, रचना काढा. चारही कामं ऐकायला सोपी आहेत. पण शेवटच्या कामाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्फटिक मशीनला, म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटरला, दिला की रचना आपोआप बाहेर येते, असं अनेकांना वाटतं. मशीन देतं ते फक्त विवर्तनाचे ठिपके आणि त्यांची तीव्रता. त्यातला कोणता अणू कार्बन, कोणता नायट्रोजन, रेणू पूर्ण आहे की अर्धा, हे निर्णय तुम्ही घेता, आणि ते रसायनशास्त्राच्या आधारानेच घ्यावे लागतात. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर एकच सवय लावायचा प्रयत्न आहे: पुढे काय दिसायला हवं ते आधी ठरवा, मग पाहा.

उदाहरणासाठी सेलन घेऊ. दोन सॅलिसिलाल्डिहाइड आणि एक एथिलीनडायअमाइन मिळून हा लिगंड बनतो. अमाइन आणि कार्बोनिल संयुग यांच्यातून पाणी निघून इमिन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) तयार होण्याची ही रिअॅक्शन ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये मांडली, त्यांच्याच नावाने हा वर्ग ओळखला जातो. सेलन निवडण्याचं कारण म्हणजे त्याच्या निकेल कॉम्प्लेक्सची रचना आधीपासून माहीत आहे. शिकताना उत्तर ताडून पाहता येणं ही मोठी सोय असते.

लिगंड आणि कॉम्प्लेक्स

सॅलिसिलाल्डिहाइड २.४४ ग्रॅम, म्हणजे २० मिलीमोल, ४० मिली गरम इथेनॉलमध्ये घ्या. एथिलीनडायअमाइन ०.६० ग्रॅम, म्हणजे १० मिलीमोल, थोड्या इथेनॉलमध्ये मिसळून ढवळत ढवळत घाला. पिवळा रंग लगेच येतो आणि थंड होताना चमकदार पिवळे पापुद्रे पडतात. गाळा, थंड इथेनॉलने धुवा, वाळवा. आयआरमध्ये इमिनचा पट्टा १६३० ते १६३५ सेमी⁻¹ च्या आसपास आणि एनएमआरमध्ये इमिनच्या हायड्रोजनचा सिग्नल ८.३ पीपीएमजवळ दिसला की लिगंड बनला. फिनॉलचा हायड्रोजन १३ पीपीएमच्या पुढे दिसतो, तोही लक्षात ठेवा, कारण पुढच्या पायरीत तो नाहीसा झाला पाहिजे.

आता १.३४ ग्रॅम लिगंड, म्हणजे ५ मिलीमोल, गरम इथेनॉलमध्ये विरघळवा. त्यात निकेल अॅसिटेट टेट्राहायड्रेट १.२४ ग्रॅम, तेही ५ मिलीमोल, कोमट मिथेनॉलमध्ये विरघळवून घाला. तासभर रिफ्लक्स करा. निकेलच्या क्षाराचं हिरवं द्रावण घालताच नारिंगी-तांबडा साका पडायला लागतो. अॅसिटेट वापरण्यामागे हिशोब आहे: तोच बेस म्हणून फिनॉलचे दोन हायड्रोजन उचलतो, वेगळा बेस घालावा लागत नाही. निकेल परक्लोरेट चांगले स्फटिक देतं म्हणून अनेक जुन्या पद्धतींत ते सापडेल. परक्लोरेट आणि सेंद्रिय लिगंड एकत्र आले की स्फोटाचा धोका असतो, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. निकेलचे क्षार कर्करोगकारक आहेत आणि त्वचेला अॅलर्जी आणतात, एथिलीनडायअमाइनची वाफही घातक असते. हातमोजे आणि फ्यूम हूड यांत तडजोड नाही.

रंग पाहून अंदाज बांधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा हाच आहे. दोन धनभार असलेल्या निकेलमध्ये आठ डी-इलेक्ट्रॉन असतात. चार दाते अणू (निकेलला इलेक्ट्रॉन देऊन जोडले जाणारे) चौरसात बसले आणि त्यांचं क्षेत्र जोरदार असलं, तर आठही इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि कॉम्प्लेक्स प्रतिचुंबकीय होतं. असं कॉम्प्लेक्स साधारणपणे नारिंगी, तांबडं किंवा तपकिरी दिसतं. सहा दाते अणूंचं अष्टफलकीय कॉम्प्लेक्स बहुधा हिरवं किंवा निळसर असतं, त्यात दोन इलेक्ट्रॉन एकटे राहतात आणि चुंबकीय आघूर्ण २.८ ते ३.३ बोर मॅग्नेटॉनच्या दरम्यान येतं.

आपला साका तांबडा आहे. एनएमआर घेतला तर रेषा नेहमीसारख्या टोकदार दिसतात आणि १३ पीपीएमपुढचा सिग्नल गेलेला असतो. म्हणजे स्फटिक मशीनवर चढवायच्या आधीच वहीत लिहिता येतं: चौरस प्रतलीय, भाररहित, निकेलभोवती दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन, बंधलांब्या १.८५ अँगस्ट्रॉमच्या आसपास. अष्टफलकीय निकेलमध्ये याच लांब्या २.०० ते २.१० पर्यंत जातात. हा फरक इतका स्पष्ट आहे की उत्तर चुकलं तर लगेच कळतं. गडद रंगाच्या कॉम्प्लेक्समध्ये इलेक्ट्रॉन हस्तांतराचे पट्टे रंग झाकून टाकतात, तेव्हा रंगावर भिस्त न ठेवता चुंबकीय मापन करून घ्या.

लिगंड बदलला की अंदाजही बदलतो. सॅलिसिलाल्डिहाइडपासून बनलेल्या साध्या द्विदंती (दोन अणूंनी धातूला धरणाऱ्या) इमिनचे दोन रेणू एका निकेलला धरतात, तेव्हा नायट्रोजनवर छोटा गट असला तर रचना सपाट राहते. आयसोप्रोपिलसारखा पसरट गट आला की दोन लिगंड एकमेकांना ढकलतात आणि भूमिती चतुष्फलकाकडे झुकते.

स्फटिक वाढवणं

इथे घाई केली की सगळं बिघडतं. हवा असतो तो ०.१ ते ०.३ मिलीमीटरचा, पारदर्शक, स्वच्छ कडांचा एकच स्फटिक. निकेल सेलन इथेनॉलमध्ये फारसं विरघळत नाही, डायक्लोरोमिथेन किंवा डीएमएफमध्ये विरघळतं. विरघळवणारं द्रावक आणि न विरघळवणारं द्रावक यांची जोडी शोधणं हेच खरं काम.

माझी पहिली पसंती बाष्प विसरणाला. छोट्या वायलमध्ये डायक्लोरोमिथेनमधलं द्रावण घ्या, ती उघडी वायल मोठ्या बाटलीत ठेवा, बाटलीच्या तळाला डायइथिल ईथर किंवा पेंटेन घाला आणि झाकण घट्ट लावा. ईथरची वाफ हळूहळू आत शिरते आणि विद्राव्यता इतक्या सावकाश घटते की स्फटिकांना नीट जुळायला वेळ मिळतो. ईथर अतिशय ज्वालाग्राही आहे, जवळपास हॉटप्लेट नको. दुसरी पद्धत थर देण्याची: अरुंद नळीत लिगंडचं डायक्लोरोमिथेनमधलं द्रावण खाली, मध्ये शुद्ध द्रावकाचा पातळ थर आणि वर निकेलच्या क्षाराचं मिथेनॉलमधलं द्रावण. कॉम्प्लेक्स तयार होतं तिथेच स्फटिकही वाढतात. साका अजिबात विरघळत नसेल तेव्हा हीच पद्धत कामी येते. साधं बाष्पीभवन सर्वांत सोपं आहे, पण द्रावक पूर्ण उडून गेलं की स्फटिकांवर पावडरचं कवच चढतं.

द्रावण वायलमध्ये घालण्याआधी गाळाच. धुळीचा प्रत्येक कण हे एक केंद्रक असतं, आणि केंद्रकं जितकी जास्त तितके स्फटिक बारीक. सुयांचे झुपके आले तर द्रावण पातळ करून पाहा किंवा द्रावक बदला. एकाच वेळी अनेक जोड्या लावून ठेवा आणि वायल रोज हलवून पाहू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्फटिक मूळ द्रावणातून बाहेर काढून वाळवू नका. जाळीत डायक्लोरोमिथेन अडकलेलं असेल तर ते निघून जातं आणि चकचकीत स्फटिक पाहता पाहता दुधाळ होतो.

निवडणं आणि चढवणं

स्फटिक थेट तेलाच्या थेंबात घ्या आणि ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली फिरवा. चांगला स्फटिक दर ९० अंशांनी एकदम, पूर्णपणे काळा होतो. एक भाग काळा आणि दुसरा उजळ राहिला तर तो जुळा आहे किंवा दोन स्फटिक चिकटलेले आहेत. मोठा, देखणा पण भेगाळलेला स्फटिक सोडून छोटा स्वच्छ स्फटिक घ्यावा. तेलासकट नायलॉन लूपवर उचला आणि नायट्रोजनच्या थंड झोतात, शक्यतो १०० केल्व्हिनला ठेवा. थंडीमुळे अणूंची थरथर कमी होते, दूरच्या कोनांचे ठिपके वाचतात आणि अडकलेलं द्रावकही पळत नाही.

एक्स-किरण कोणते घ्यायचे? मॉलिब्डेनमची तरंगलांबी ०.७१०७३ अँगस्ट्रॉम, तांब्याची सुमारे १.५४१८. लोखंड आणि कोबाल्टच्या कॉम्प्लेक्सवर तांब्याचे किरण टाकले तर धातू स्वतःच चमकू लागतो आणि पार्श्वभूमी वाढते. निकेलचं तसं होत नाही. त्याची शोषणसीमा १.४८८ अँगस्ट्रॉमवर आहे, म्हणजे तांब्याच्या मुख्य रेषेच्या थोडी अलीकडे. याच कारणाने निकेलचा पत्रा तांब्याच्या किरणांसाठी गाळणी म्हणून वापरला जातो. तेव्हा बारीक, अशक्त स्फटिकासाठी तांबं बिनधास्त घ्या, नाहीतर मॉलिब्डेनम उत्तम.

युनिट सेल आली, आता थांबा

काही फ्रेम घेतल्या की मशीन युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा छोटा ठोकळा, सांगतं. पूर्ण डेटा घेण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, ही सेल केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसमध्ये शोधा. १९६५ पासून जमवलेल्या या संग्रहात दहा लाखांहून जास्त रचना आहेत. तुमचा सुंदर स्फटिक म्हणजे न जोडला गेलेला लिगंड किंवा सुरुवातीचा क्षारही असू शकतो, ते इथेच कळतं.

दुसरी म्हणजे साधा गुणाकार. हायड्रोजन सोडून प्रत्येक अणू साधारण १८ घन अँगस्ट्रॉम जागा घेतो. निकेल सेलनमध्ये १६ कार्बन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन आणि १ निकेल मिळून २१ अणू आहेत, म्हणजे एका रेणूला सुमारे ३७८. सेलचं आकारमान १५०० च्या जवळ असेल तर चार रेणू, ३००० च्या जवळ असेल तर आठ. बराच फरक पडला तर द्रावकाचा रेणू सोबत आहे का, याचा विचार आत्ताच सुरू करा.

डेटा घेताना पूर्णता ९९ टक्क्यांच्या वर आणि विभेदन किमान ०.८४ अँगस्ट्रॉमपर्यंत असावं. समतुल्य ठिपक्यांमधली तफावत सांगणारा आर-इंट ०.०५ च्या आसपास असला तर छान, ०.१० च्या वर गेला तर स्फटिकाबद्दल शंका घ्या. शोषणाची दुरुस्ती चुकवू नका, निकेलसारखा जड अणू असताना ती लागतेच.

अर्धाच रेणू दिसतो तेव्हा

ही जागा नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. सेंद्रिय आणि धातु-सेंद्रिय स्फटिकांमध्ये पी २१/सी हा स्पेस ग्रुप (सममितीचा प्रकार) फार आढळतो. त्यात एका रेणूच्या चार प्रती असतात. समजा तुम्ही दोन द्विदंती लिगंड असलेलं कॉम्प्लेक्स घेतलंत आणि हिशोबाने सेलमध्ये दोनच रेणू बसतात. मग चार जागा दोन रेणूंनी कशा भरायच्या? निकेल थेट इन्व्हर्शन सेंटरवर, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच अणू समोरासमोर येतात त्या बिंदूवर, बसतो. अर्धा रेणू स्वतंत्र असतो आणि उरलेला अर्धा सममितीतून येतो. उकल केल्यावर पडद्यावर एक निकेल आणि एकच लिगंड दिसतो. काहीही हरवलेलं नाही. सममितीने वाढवा, पूर्ण रेणू समोर येईल. निकेलचा वाटा मात्र ०.५ आहे ना, ते तपासा.

अशा रचनेची खूण डेटातच असते. सेलमधले दोन निकेल एकमेकांपासून सेलच्या बी आणि सी बाजूंच्या अर्ध्या लांबीएवढे सरकलेले असल्यामुळे के आणि एल या ठिपक्याच्या क्रमांकांची बेरीज विषम असलेल्या ठिपक्यांत निकेलचा हातभार शून्य होतो. ते ठिपके अशक्त दिसतात आणि प्रोग्रॅमला कधीकधी केंद्रित जाळीचा भास होतो. त्यांना फेकून देऊ नका, हलक्या अणूंची बरीचशी माहिती त्यांच्यातच आहे.

याचा अर्थ लावतानाही सावध राहा. निकेल इन्व्हर्शन सेंटरवर असेल तर समोरासमोरच्या बंधांमधला कोन १८० अंशच असणार आणि चारही दाते अणू निकेलसह एकाच प्रतलात येणार. हे सममितीने लादलेलं आहे, मोजून सापडलेलं नाही. शोधनिबंधात 'निकेलची भूमिती आदर्श सपाट आढळली' असं लिहू नका.

सेलनच्या कॉम्प्लेक्समध्ये असं होऊच शकत नाही. तिथे दोन्ही नायट्रोजन पुलाने जोडलेले, शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे रेणूला इन्व्हर्शन सेंटर नाही. सेलनमध्ये प्रोग्रॅमने निकेल तिथे बसवला तर स्पेस ग्रुप चुकला आहे.

उकल आणि रिफाइनमेंट

उकल करायला शेलएक्सटी आणि रिफाइनमेंटला (मॉडेल डेटाशी जुळवत नेण्याला) शेलएक्सएल, हे दोन्ही प्रोग्रॅम ओलेक्स-२ मधून चालवता येतात. निकेलचे २८ इलेक्ट्रॉन कार्बनच्या सहासमोर इतके ठळक असतात की तो चटकन सापडतो. कसोटी लागते ती कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात, कारण त्यांत प्रत्येकी एकाच इलेक्ट्रॉनचा फरक आहे. प्रोग्रॅमने दिलेली नावं मान्य करू नका. जिथे खरा कार्बन आहे तिथे नायट्रोजन लिहिला तर मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन जास्त होतात आणि जुळवणी करण्यासाठी त्या अणूचा लंबगोल (अणूची थरथर दाखवणारा आकार) फुगतो. ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन लिहिला तर लंबगोल आकसतो. शेजाऱ्यांशी तुलना करा, फुगलेला आणि आकसलेला अणू नजरेला खटकतो. सोबत लांब्या पाहा: इमिनचा कार्बन-नायट्रोजन बंध १.२८ ते १.३० आणि पुलाकडचा एकेरी बंध १.४७ च्या आसपास.

नायट्रोजन जोडणारा दोन कार्बनचा पूल जवळून पाहण्यासारखा आहे. हे दोन कार्बन प्रतलाच्या वर-खाली मुडपलेले असतात, आणि काही रेणूंत मुडप एका बाजूला, काहींत दुसऱ्या बाजूला असते. स्फटिक दोघांची सरासरी दाखवतो. मग कार्बन-कार्बन अंतर १.५० ऐवजी १.४० च्या जवळ दिसतं आणि दोन्ही लंबगोल प्रतलाला लंब दिशेने ताणलेले असतात. नवखा माणूस इथे दुहेरी बंध पाहतो. खरं तर ही अव्यवस्था आहे. प्रत्येक कार्बनच्या दोन जागा करा, त्या पार्ट १ आणि पार्ट २ मध्ये ठेवा, वाट्यांची बेरीज एक येईल असं एकच मुक्त चल द्या आणि लांब्या सारख्या राहण्यासाठी साडी (SADI), लंबगोलांसाठी सिमू (SIMU) हे शेलएक्सएलमधले निर्बंध लावा. लांब्या १.५० च्या आसपास परत आल्या आणि आर (मॉडेल आणि डेटा यांच्यातली तफावत) घसरला तर मॉडेल बरोबर आहे.

हायड्रोजन भूमितीने बसवा: बेंझीन वलय आणि इमिनसाठी शेलएक्सएलची एफिक्स ४३ (AFIX 43) ही आज्ञा, पुलावरच्या दोन-दोन हायड्रोजनसाठी एफिक्स २३. जाळीत पाणी असेल तर त्याचे हायड्रोजन फरकाच्या नकाशातून (मोजलेली आणि मॉडेलची इलेक्ट्रॉन घनता यांच्यातला फरक) शोधा आणि प्रत्येकाला हायड्रोजन बंधाचा जोडीदार आहे का पाहा. निकेलपासून अँगस्ट्रॉमभर अंतरावर एखादं उरलेलं शिखर बहुधा दिसतं, ते जड अणूमुळे येतं, तिथे अणू घालायचा नाही. ओळखता न येणारं द्रावक असेल तरच प्लॅटॉन या प्रोग्रॅममधलं स्क्वीझ (त्या द्रावकाचा हातभार हिशोबातून वेगळा काढणारी सोय) वापरा, आणि वापरलं हे स्पष्ट लिहा.

शेवटी आर-१ ०.०५ च्या खाली, जुळवणीचा निर्देशांक १ च्या जवळ आणि शेवटच्या फेरीतला मॉडेलच्या आकड्यांचा सरक ०.०१ पेक्षा कमी हवा. मात्र फक्त आर घटवण्यासाठी निर्बंध किंवा अणू वाढवत जाणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आकडे वाचणं

आता वहीतला अंदाज उघडा. १.८५ च्या लांब्या आल्या का? कंसातला आकडा अनिश्चितता सांगतो: १.८५२(३) म्हणजे १.८५२, अधिक-उणे ०.००३. दोन बंधांतला फरक या अनिश्चिततेच्या तिप्पटपेक्षा कमी असेल तर त्यावर सिद्धांत बांधू नका. चार दाते अणूंच्या भूमितीसाठी टाऊ-४ काढा: ३६० मधून सर्वांत मोठे दोन कोन वजा करा आणि १४१ ने भागा. शून्य म्हणजे चौरस प्रतल, एक म्हणजे चतुष्फलक. रेणू एकमेकांवर कसे रचले आहेत, वलयं किती अंतरावर समांतर आहेत, हे मर्क्युरी या प्रोग्रॅममध्ये पाहता येतं.

सिफ फाइल, म्हणजे रचनेची ठरावीक स्वरूपातली फाइल, चेकसिफ या तपासणी प्रोग्रॅममधून काढा. ए दर्जाचा, म्हणजे सर्वांत गंभीर, इशारा आला तर कारण शोधा, दुरुस्त होत असेल तर करा, होत नसेल तर फाइलमध्ये खरं कारण लिहा. सी आणि जी दर्जाचे इशारेही वाचा, चुकलेला हायड्रोजन पुष्कळदा तिथेच सापडतो.

आणखी एक तपासणी माझ्या दृष्टीने अनिवार्य आहे. तुम्ही रचना काढली ती एका स्फटिकाची, आयआर, चुंबकीय मापन आणि मूलद्रव्य विश्लेषण केलं ते बाटलीतल्या पावडरचं. मर्क्युरीत सिफवरून पावडरचा आलेख काढा आणि मोजलेल्या आलेखावर ठेवून पाहा. १०० केल्व्हिनची रचना आणि खोलीच्या तापमानाची पावडर यांच्यात शिखरं थोडी सरकलेली असणं स्वाभाविक आहे. पण एखादं ठळक शिखर जास्तीचं असेल तर बाटलीत दुसरंही काही आहे, आणि त्या पावडरची मापनं या रचनेला जोडता येणार नाहीत.

सिफ केंब्रिजच्या संग्रहात जमा करा, मिळालेला क्रमांक निबंधात द्या. शेलएक्सएलच्या २०१३ नंतरच्या आवृत्त्या तीव्रतेचा डेटा आणि रिफाइनमेंटच्या सूचना सिफमध्येच ठेवतात. तो भाग फाइल लहान करण्यासाठी कापू नका, कारण तुमचं मॉडेल दुसऱ्या कुणाला तपासायचं असेल तर लागतो तो नेमका तोच.